दाभण, बंबाचा पाइप आणि पुलास्की

मार्च संपता संपता हॅरिमनमधला बर्फ वितळतो आणि माझी धांदल सुरू होते. हॅरिमन स्टेट पार्क न्यूयॉर्क राज्यात आहे, न्यू जर्सीतल्या आमच्या घरापासून गाडीने तासाभरावर. दोनशे मैलांहून जास्त पायवाटा आहेत तिथे, आणि त्यांची देखभाल प्रामुख्याने स्वयंसेवक करतात. 'न्यूयॉर्क-न्यू जर्सी ट्रेल कॉन्फरन्स' ही संस्था १९२० पासून हे काम उभं करत आलीय. अ‍ॅपलाचियन ट्रेल या अमेरिकेच्या पूर्व भागातल्या लांबलचक पायवाटेचा अगदी पहिला तुकडा १९२३ मध्ये खुला झाला, तो इथलाच, बेअर माउंटनचा.

त्या जाळ्यातला दीड मैल माझ्याकडे आहे. आत शिरलेल्या फांद्या छाटायच्या, आडवी पडलेली लहान झाडं करवतीने कापून बाजूला सारायची. पण खरं काम पाण्याचं. चढाच्या वाटेवर ठिकठिकाणी दगडांचा किंवा ओंडक्यांचा तिरका बांध घातलेला असतो, त्याला इथे वॉटरबार म्हणतात. वाटेवरून धावत येणारं पाणी तो उताराकडे काढून देतो. हिवाळाभर त्याच्यामागे पानं आणि गाळ साचतो. तो उपसला नाही तर पाणी बांधावरून उडी मारतं, वाटेची माती धुऊन नेतं, आणि दोन पावसाळी आठवड्यांत वाटेचा ओढा होतो.

यासाठी माझी तीन हत्यारं ठरलेली: लांब दांड्यांची कात्री म्हणजे लॉपर, घडीची करवत आणि पुलास्की. पुलास्की म्हणजे एका अंगाला कुऱ्हाड आणि दुसऱ्या अंगाला कुदळीसारखं आडवं पातं. १९१० च्या ऑगस्टमध्ये आयडाहोत महाभयंकर वणवा पेटला, तेव्हा एड पुलास्की नावाच्या वनरक्षकाने आपल्या माणसांना खाणीच्या बोगद्यात नेलं, आणि त्यातले बहुतेक सगळे वाचले. हे हत्यार त्याच्याच नावाने ओळखलं जातं. छत्तीस इंचांचा दांडा, आणि टोकाला साडेतीन पौंडांचं धारदार लोखंड.

ते न्यायचं कसं, हा माझा दोन वर्षांचा प्रश्न होता. शिकवतात ते असं: हत्यार हातात, उताराच्या बाजूला धरायचं, म्हणजे तोल गेला तर खाली फेकून देता येतं. टोळीने जाताना, प्रत्येकाकडे एकेक हत्यार असताना, हीच पद्धत उत्तम. मी मात्र बऱ्याचदा एकटी जाते. तीन हत्यारं, तीन लिटर पाणी, आणि खडकावर चढायला हात हवेत ते वेगळेच.

पहिल्या वर्षी मी नेहमीच्या ट्रेकिंगच्या सॅकला पुलास्की रबरी दोराने बांधली, लोखंड वर आणि दांडा खाली. माउंटन लॉरेलच्या झुडपांच्या जाळीतून वाकून जाताना पात्याचं टोक फांदीत अडकलं आणि मी मागच्या मागे ओढली गेले. बसले ती दगडावर. पात्याचं कव्हर सुटून उघडं पातं मानेपासून वीतभर अंतरावर आलं होतं. त्या दिवशी काम न करताच परत फिरले.

चूक बांधण्यात नव्हती, सॅकमध्येच होती, असं माझं ठाम मत आहे. आजच्या सॅक कपडे, तंबू, झोपायची पिशवी अशा मऊ सामानासाठी शिवलेल्या असतात. लोखंडाला टेकायला आतून काही कडक लागतं. म्हणून गराज सेलमधून दहा डॉलरला एक जुनी, बाहेरून अ‍ॅल्युमिनियमची चौकट असलेली सॅक आणली. या चौकटीवरची पिशवी पिनांनी अडकवलेली असते. पिना काढल्या की नुसता सांगाडा, खांद्याचे पट्टे आणि कमरेचा पट्टा उरतो. पिशवी मी वरच्या अर्ध्या भागापुरती ठेवली. खालची जागा हत्यारांची.

आता लोखंड खाली आणि दांडा वर. लोखंड बसायला एक खोबण हवी होती, पात्याने फाटणार नाही अशी. इथले लोक पात्यांची कव्हरं बंबाच्या जुन्या पाइपाची करतात: बाहेरून जाड विणीचं कापड, आतून रबर. गावच्या अग्निशमन केंद्रात विचारलं, तर त्यांनी टाकून दिलेला पाच-सहा फूट तुकडा आनंदाने दिला.

पण तो शिवायचा कशाने? घरातली सुई पहिल्याच टाक्याला मोडली. मग आठवलं, स्वयंपाकघरातल्या खणात दाभण आहे. कराडला आमचं धान्याचं दुकान होतं. बाबा पोत्यांची तोंडं शिवायचे ते हेच दाभण, आईने इथे येताना लोणच्याच्या खोक्यावरचं गोणपाट शिवायला वापरलेलं. टोक किंचित वाकडं, नेढं एवढं मोठं की सुतळी सहज जावी. मेण लावलेला नायलॉनचा दोरा ओवला. दाभण पाइपावर टेकवायचं, बोटाला चामड्याचा तुकडा लावून रेटायचं, पलीकडे टोक दिसलं की पक्कडीने ओढायचं. दर टाक्याला रबर चुरचुर आवाज करायचं. एका बाजूला बावीस टाके, तेही दुहेरी. आईला व्हिडिओवर दाखवलं तर म्हणाली, "अगं, बाबा उलटा टाका घालायचे, म्हणजे एक तुटला तरी सगळी शिवण उसवत नाही." सहा टाके उसवून पुन्हा घातले.

दांडा चौकटीला दोन ठिकाणी बक्कलच्या पट्ट्यांनी आवळला. पट्ट्यांची कापलेली टोकं मेणबत्तीवर धरून वितळवून घेतली, नाहीतर दोरे सुटत राहतात. पुलास्की उजव्या कडेला गेली, म्हणून लॉपर आणि करवत डावीकडे. सगळं मिळून बारा किलोच्या आसपास भरतं. पाणी मात्र वर, पाठीला अगदी चिकटून. पाणी मागे गेलं की चढावर खांदे मागे खेचले जातात. दांड्याचं टोक माझ्या डोक्याच्या खाली राहतं, त्यामुळे जाळीत डोकं शिरलं की बाकी सगळं शिरतं. रुंदीही खांद्यांबाहेर जाऊ दिलेली नाही. इथे लेमन स्क्वीझर नावाची खडकातली फट आहे, अंग चोरून जावं लागतं अशी. तिथून एकदाच, हात खडकावर ठेवून, सॅक न उतरवता गेले, आणि त्या संध्याकाळी मला फार समाधान वाटलं.

दुर्गसंवर्धन करणाऱ्या सातारच्या मैत्रिणीला फोटो पाठवले. ती लोकं घमेली, फावडी, कुदळी गडावर डोक्या-खांद्यावरून चढवतात. तिला सांगितलं, तुमचं काम माझ्यापेक्षा सोपं आहे: आपल्या कुदळीचा दांडा ठोकला की निघतो. लोखंड पिशवीच्या तळाशी, दांडे बाहेर उभे, आणि वर गेल्यावर पुन्हा बसवायचे. पुलास्कीचा दांडा पाचर मारून पक्का केलेला असतो, त्याला हे जमत नाही. मोडलेल्या ट्रेकिंग सॅकची चौकट शोध, मापं मी देते, असं म्हटलं.

तिने लगेच पहारीचा फोटो पाठवला आणि विचारलं, हिचं काय? इथेही दगड हलवायला तशीच पहार असते, आठ किलोची. मी ती चौकटीला बांधून पाहिलीय, उभी आणि आडवी. उभी बांधली तर डोक्यावर दोन फूट जाते, आडवी बांधली तर झाडांत अडकते. ती अजून खांद्यावरूनच नेतो आम्ही, आळीपाळीने.