माजघराच्या भिंती आणि फणसाचं दार

राजापूरजवळच्या आमच्या घराच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, आतून चुन्याचा गिलावा. पूर्वी दर दिवाळीआधी त्यांना चुना लागायचा. पुढे डिस्टेंपर आलं, मग माजघराला कमरेइतका ऑइल पेंट. काही वर्षांपूर्वी ओल येते म्हणून एका कंत्राटदाराने खालचा गिलावा फोडून तिथे सिमेंट केलं. ओल गेली तर नाहीच, उलट वर चढली. सिमेंट जिथे संपत होतं त्या रेषेवर रंगाचे पापुद्रे सुटायला लागले, त्यामागे पांढरा लोणा, म्हणजे क्षारांची पूड. यंदा आई आणि मी माजघर मुळापासून करायला घेतलं.

पाऊस गेल्यावर लगेच हात लावला नाही. ऑक्टोबरभर दारं-खिडक्या उघड्या ठेवून भिंती वाळू दिल्या. मग हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर डकवलं. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते आहे, बाहेरच्या बाजूला दिसले तर ती खोलीतल्या हवेतली. आमच्याकडे वरच्या भागात प्लास्टिक कोरडं, सिमेंटच्या कडेला मात्र आतून थेंबच थेंब.

गवंडीकाका बघून म्हणाले, "बाय, आधी हे सिमेंट काढू. रंगाचं मग बघू." जांभा जमिनीतलं पाणी ओढून घेतो. चुन्याच्या गिलाव्यातून ते हळूहळू वाफ होऊन निघून जातं. सिमेंट आणि ऑइल पेंट ही वाट बुजवतात, मग पाणी जिथे वाट मिळेल तिथे वर चढतं. जुन्या घराच्या ओलीवर सिमेंट हा उपाय सुचवणाऱ्यांना हे कुणीतरी ठामपणे सांगायला हवं.

छिन्नीने सिमेंट काढलं, उघडा चिरा वाळू दिला, आणि भिजवून मुरवलेला चुना एक भाग, वाळू तीन भाग असा गिलावा केला. चुना सिमेंटसारखा झटपट आवळत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश कडक होतो. म्हणून सुरुवातीचे दिवस त्याला पाण्याचे हबके मारून ओलसर ठेवावं लागतं. जुन्या भागावरचा लोणा मात्र कोरड्या ब्रशनेच झाडायचा. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून परत भिंतीत शिरतात.

खरवडणं हे सगळ्यात मोठं काम. डिस्टेंपर कोमट पाण्याने भिजवलं की खरवडायच्या पत्र्याखाली मऊ होऊन निघतं. ऑइल पेंटचं तसं नाही, आणि चुना त्यावर धरत नाही, त्यामुळे तो पूर्ण काढणं भाग होतं. इथे एक काळजी घ्यायलाच हवी. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असणारच, असं धरून चालावं. तो कोरडा घासू नये, कारण ती धूळ मुलांच्या पोटात जाणं फार वाईट. आम्ही पाणी मारून ओला खरवडला, धुळीचे चांगले मास्क लावले, भाचरांना तेवढे दिवस काकूकडे ठेवलं आणि खरवड झाडून न काढता ओल्या फडक्याने गोळा करून पिशव्यांत बांधली.

माजघराच्या दारावरही तसेच थर होते. वर राखाडी, त्याखाली निळा, त्याखाली हिरवा, आणि सगळ्यात खाली गुलाबी प्रायमर. सपाट फळ्यांवर रिमूव्हर लावून पत्र्याने लाकडाच्या रेषांच्या दिशेने रंग सुटत गेला. नक्षीच्या खाचांत पत्रा जाईना, तिथे बांबूची कामटी तासून वापरली, लोखंडाने कड मोडली असती. कॉस्टिक सोडा लावा, असं काहींनी सुचवलं होतं. त्याने लाकूड काळं पडतं, म्हणून तो घरात आणलाच नाही. रंग निघाला तेव्हा आतून पिवळंधमक फणसाचं लाकूड आलं. आम्ही सगळे इतकी वर्षं ते साग समजत होतो! आईने हात फिरवला आणि म्हणाली, "ह्याला परत रंग नको."

मग दाराला रंग दिलाच नाही. मास्क लावूनच आधी १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासलं आणि टर्पेंटाइन मिसळून पातळ केलेलं जवसाचं तेल फडक्याने चोळलं, मधे पूर्ण वाळू देत. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ती अंगणात पसरून वाळवायची किंवा पाण्यात बुडवून ठेवायची. खिडक्यांचं लाकूड साधं आणि ठिकठिकाणी खाल्लेलं, तिथे खडूपूड आणि जवसाच्या तेलाची लांबी (पुट्टी) भरली, ती कडक झाल्यावर प्रायमर, नंतर इनॅमलचे दोन हात.

भिंतींना शेवटी चुनाच दिला. गाळून घेतलेला, दुधाइतका पातळ, चिमूटभर नीळ घालून. भिंत आधी ओली करायची आणि कुंच्याने पातळ हात मारायचा. ओला असताना तो जवळजवळ दिसतच नाही, सगळं वाया गेलं असं वाटतं. वाळला की पांढरा होतो. जाड हात दिला तर सुकल्यावर त्याच्या खपल्या निघतात. डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे हवेतच, चुना भाजतो.

आईची एकच तक्रार आहे, पाठ टेकली की पांढरं लागतं. बाकामागे आता चटई टांगली आहे. पुढच्या पावसानंतर पुन्हा प्लास्टिक लावून बघणार आहोत, आणि खालचा भाग कोरडा निघाला तर ओटीचं सिमेंटही काढायचं आहे.