साडेबारा टक्के म्हणजे एकराला किती गुंठे?

उरण-पनवेलकडच्या कुठल्याही घरात 'साडेबारा टक्के' म्हणा, जमिनीचा विषय आहे हे पोरासोरांनाही कळतं. नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी घेतल्या. 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटलं, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून हा हक्क मिळाला: गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड. म्हणून शिकवणीला येणाऱ्या सातवीच्या मुलांना शेकडेवारी मी इथूनच शिकवते.

12.5 च्या खाली 100 मांडायचे. दशांशचिन्ह घालवायला दोघांना 10 ने गुणायचं, झाले 125/1000. मसावि 125, त्याने भागलं की 1/8. एकराचे 40 गुंठे, त्याचा आठवा हिस्सा 5 गुंठे. फळ्यावर शेत आखून आठ पट्टे पाडते आणि एकच रंगवते. मग मुलं लगेच आपापल्या आजोबांच्या जमिनीचा हिशेब मांडायला बसतात.

पण पाचही गुंठे हातात पडत नाहीत. त्यातले 30 टक्के सामाजिक सुविधांसाठी कापले जातात. इथे हमखास कुणीतरी साडेबारातून तीस वजा करायला जातं, कारण तीस टक्के नेमके कशाचे, हे नुसत्या आकड्यात दिसत नाही. अपूर्णांक मांडला की दिसतं. उरले 70 टक्के, म्हणजे 7/10; आठव्या हिश्श्याचे सात दशांश, 7/10 × 1/8 = 7/80. चाळीस गुंठ्यांवर साडेतीन गुंठे. कागदोपत्री हेच 8.75 टक्के असतं. उलट बाजूने पडताळा घ्या: 875/10000, मसावि 125, पुन्हा 7/80.

माझं सगळ्यात आवडतं गणित मात्र विमानतळाचं. तिथे जमीन देणाऱ्यांसाठी 22.5 टक्के ठरले. 225/1000, मसावि 25, उत्तर 9/40. छेदातच 40 आल्यामुळे वरचा अंश हेच गुंठे: एकराला नऊ. पुढे काही करायलाच नको!

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, ते त्याहून सोपं. हेक्टरचे आर 100, म्हणजे एक टक्का म्हणजेच एक आर. घरी जुना उतारा असेल तर मुलांना घेऊन बसा आणि अपूर्णांक त्यांनाच काढू द्या.