नारळपाण्यावरची साय : तिसरी खेप

गोड नारळपाण्यावर जिवाणूंकडून जेलीसारखी खायची साय धरवतोय, म्हणजेच नाटा दे कोको. बाराव्या दिवशी ती ९ मिलिमीटर भरली. आजवरची सर्वांत जाड, आणि एकसंध!

पहिल्या खेपेत सतरा दिवस थांबूनही हाती नुसते पापुद्रे आले होते. कारण आता पक्कं कळलंय: मी रोज ट्रे उचलून उजेडात धरत होतो. कोमागाटाइबॅक्टर झायलिनस हा जिवाणू साखरेपासून सेल्युलोज (कापसाचे धागे ज्याचे असतात तो पदार्थ) विणतो, पण त्याला हवा लागते. त्यामुळे विणकाम चालतं ते फक्त अगदी वरच्या थरात. जुनी साय खाली सरकते, नवी तिच्यावर चढते. ट्रे हलला की सायीवर पाणी येतं आणि वर दुसरीच साय धरते. हे दोन थर मग कधीच एकजीव होत नाहीत.

दुसऱ्या खेपेवर हिरवी बुरशी आली, सगळं फेकलं. तेव्हा सुरुवातीचा आंबटपणा कमी पडला होता.

या वेळचं प्रमाण: पिकल्या नारळांचं पाणी २ लिटर (आमच्याकडे स्वयंपाकाला रोज नारळ फुटतो, ते पाणी गोठवून साठवलं), साखर २०० ग्रॅम, नत्रासाठी थोडा कोरा चहा. उकळून, पूर्ण गार करून पीएच (आंबटपणाचं माप; आकडा कमी तितकं आंबट) ४ येईपर्यंत पांढरं व्हिनेगर घातलं. विरजण म्हणून कोंबुचाचं (आंबवलेल्या गोड चहाचं) जुनं आंबट पाणी २०० मिलिलिटर. वर सुती पंचा बांधला आणि ट्रे माळ्यावर ठेवला, जिथे कुणाचाही हात लागणार नाही. तापमान २८ ते ३० अंश.

फिलिपिन्समधला नाटा दे कोको तो हाच. टेओडुला कालाव आफ्रिका या रसायनतज्ज्ञ बाईंनी १९४९ मध्ये अननसाऐवजी नारळाचं पाणी वापरलं, तिथून तो सुरू झाला. वाया जाणाऱ्या पाण्यातून एवढं सुंदर काही उभं करणाऱ्या त्या बाईंबद्दल मला फार आदर वाटतो.

साय ओली ६६० ग्रॅम भरली. अर्धी कापून, तीन वेळा पाणी बदलून उकळली; आंबट वास गेला, तुकडे साखरेच्या पाकात मुरताहेत. उरलेली अर्धी काचेवर पसरून वाळवली, तर जेमतेम ४ ग्रॅमचा कागद उरला. बाकी सगळं पाणीच! तो पुन्हा भिजवला, पण पूर्वीसारखा फुगला नाही. वाळताना धागे एकमेकांना घट्ट चिकटतात, ते परत सुटत नाहीत. जाड तुकडे हवे असतील तर ओलेच ठेवा.

काल चौथी खेप लावली. एकाच मापाचे दोन ट्रे. एकात पाणी २ सेंटिमीटर, दुसऱ्यात ५. बाराव्या दिवसापर्यंत पंचा सोडणार नाही.