कूलर काढण्याआधी वायरमनला बोलवा

होळी झाली की सोलापुरात जिन्याखालचे लोखंडी कूलर बाहेर निघतात. नवं गवत भरलं जातं आणि प्लग जातो त्याच जुन्या बोर्डात. वर्षभर ज्यावर फक्त मोबाईल चार्ज झाला, तो बोर्ड आता रात्रंदिवस तापणार. वायरमनला बोलवायची वेळ हीच. मे महिन्यात पारा चढल्यावर तो सापडत नाही, आणि सापडला तरी पुढच्या कामाच्या घाईत असतो.

‘एमसीबी बसवलाय, आता कसली भीती?’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. एमसीबी म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, पण तो पडतो तो करंट मर्यादेबाहेर गेला तर. ढिल्या स्क्रूमुळे करंट वाढत नाही, फक्त तेवढी जागा तापते. 2000 वॅटचा गीझर साधारण 9 अँपिअर घेतो. सॉकेटच्या ढिल्या जोडात अर्धा ओहम रेझिस्टन्स आला, तर त्या एका टोकावर 40 वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंग गन 25 वॅटची असते! एमसीबीच्या हिशेबी मात्र सगळं ठीक असतं, कारण त्याला दिसतात ते फक्त 9 अँपिअर. सॉकेटची छिद्रं तपकिरी झाली असतील, प्लग काढताना पिना चटका देत असतील किंवा खोलीत मासळीसारखा वास येत असेल (शाकाहारी घरातसुद्धा), तर तो पॉइंट लगेच बंद करा. तापलेल्या प्लास्टिकला बऱ्याचदा असाच वास येतो.

माणूस निवडताना शेजारपाजारी त्याने केलेलं जुनं काम बघा. पेठेतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात विचारलं की दोन-तीन नावं मिळतात, पण दुकानदाराची शिफारस म्हणजे परवाना नव्हे. वायरमनचा परवाना आहे का आणि वायरमधला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर जवळ आहे का, हे सरळ विचारा. नुसता टेस्टर खिशात घालून येणारा माणूस बल्ब बदलायला ठीक. भार किती आहे हे तो मोजणार कशाने? मजुरी पॉइंटवर की रोजावर, ते आधी ठरवा. माल स्वतः आणा, पक्कं बिल घ्या. वायरवर आयएसआय मार्क आणि आयएस 694 छापलेलं असतं, ते वाचूनच गुंडाळी उचला.

मापं पाठच करून ठेवा. दिवे-पंख्यांना 1.5 एमएम वायर आणि 10 अँपिअरचा एमसीबी. 16 अँपिअरच्या पॉवर पॉइंटला 2.5 एमएम आणि 16चा एमसीबी. एसीला 4 एमएम आणि 20चा. ‘सारखा पडतोय’ म्हणून 16चा काढून 32चा बसवून देणारा वायरमन फार लाडका होतो, पण मग फ्यूजचं काम वायरच करते, तेही भिंतीच्या आत.

काम चालू असताना जवळ उभं राहा. सॉकेटच्या भोकात जाड वायर मावत नाही म्हणून तांब्याच्या चार तारा कापून टाकणं ही नेहमीची लबाडी. सगळ्या तारा पिळून आत गेल्या पाहिजेत, स्क्रूखाली प्लास्टिक दबता कामा नये, आणि कसल्यावर वायर ओढून बघायची. जुन्या वाड्यांत अजून अ‍ॅल्युमिनियमची वायर असते. तिला तांब्याची वायर नुसती पिळून वर चिकटपट्टी मारली, की तो जोड गंजतो आणि तापतो. असा जोड दिसला तर ती पूर्ण लाइनच बदलून घ्या.

30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच, हवाच, कारण लोखंडी कूलर, पाणी आणि ओली फरशी एकत्र येतात. तो बसवल्यावर सारखा पडत असेल, तर बहुतेक वेळा दोन लाइनींचे न्यूट्रल (करंट परत नेणाऱ्या वायरी) एकमेकांत मिसळलेले असतात किंवा कुठंतरी खरंच गळती असते. ते शोधायला वेळ लागतो, म्हणून काही जण तो बायपास करून जातात. त्याच्यावरचं टी (टेस्ट) बटण दाबल्यावर तो पडतो का, हे पैसे देण्याआधी पाहा आणि पुढे महिन्यातून एकदा दाबत जा.

खुद्द कूलरचं म्हणाल तर पंप बंद पडतो, गवत सुकून खडखडीत होतं, मोटरचा बुश अडकतो. फिरू न शकणारी मोटर तापत राहते, आणि शेजारी सुकं गवत तयारच! हंगामाआधी पाती हातानं फिरवून बघा, बुशला तेल द्या. तिसरी पिन कापलेला प्लग फेकून द्या.

सोलापूरच्या पूर्व भागात खाली माग आणि वर बिऱ्हाड अशी घरं आहेत. तिथं सुताचा भुगा बोर्डावर साचतो, आणि एक ठिणगी त्याला पुरते. आठवड्याला मेन बंद करून कोरड्या ब्रशने तो झाडा. 18 मे 2025 रोजी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत 8 जण गेले. कामाच्या जागीच राहणाऱ्यांनी बाहेर पडायच्या दुसऱ्या वाटेचा विचार करायलाच हवा. ग्रिलवाल्याला सांगून एका तरी खिडकीला आतून उघडणारी झडप करून घ्या. कुलूप लावलंत तर किल्ली तिथंच, हाताशी टांगलेली असू द्या. वेल्डिंग चालू असताना गाद्या-चादरी लांब ठेवा, पाण्याची बादली जवळ ठेवा, आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथून हलू नका.

गॅसच्या सुरक्षा ट्यूबवर तारीख छापलेली असते; पाच वर्षांनी ती बदलायची. गळती साबणाच्या पाण्याने तपासा, काडी लावून नव्हे. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, कुठल्याच बटणाला हात लावू नका, आणि बाहेर जाऊन 1906 ला फोन करा. कढईतलं तेल पेटलं तर गॅस बंद करून वर झाकण ठेवा. पाणी अजिबात नको. आग विझवायचा एबीसी पावडरचा छोटा सिलिंडर शेगडीवरच्या फळीवर न ठेवता स्वयंपाकघराच्या दाराशी टांगा, आणि काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना ते बघत जा. अग्निशमनचा नंबर 101. पत्ता सांगताना बोळ किती रुंद आहे तेही सांगा, जुन्या पेठांत बंब आत येईलच असं नाही.