गंजलेला ब्लीडर निपल

रत्नागिरीत समुद्राजवळ चार पावसाळे काढलेल्या आमच्या गाडीचे ब्रेक ऑइल बदलायला बसलो, तेव्हा मागच्या चाकाचा ब्लीडर निपल (ब्रेकमधले जुने ऑइल आणि हवा बाहेर सोडणारा छोटा स्क्रू) गंजून पक्का बसला होता. हाताशी बारा कोनांचा रिंग पाना होता; तो लावून जोर दिला आणि निपलच्या कडा गुळगुळीत झाल्या. चूक माझीच, कारण हा पाना कडांच्या टोकांवर जोर देतो, तर सहा कोनांचे सॉकेट सपाट बाजूंवर पकड घेते.

मग वायर ब्रशने गंज खरवडला, आट्यांच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल सोडले आणि (ब्रेकच्या लायनरला थेंबही लागू नये म्हणून खाली चिंध्या धरून) रात्रभर तसेच ठेवले. सकाळी निपलच्या डोक्यावर हातोडीने हलक्या टिचक्या मारल्या, कारण धक्क्याने गंजाचा थर तडकतो आणि तेल आत झिरपते. त्यानंतर लॉकिंग प्लायरने (पकडल्यावर घट्ट अडकून राहणाऱ्या पक्कडीने) आधी किंचित आवळून मगच उलटे फिरवले. ‘कट्’ असा आवाज आला आणि निपल मोडलाच असे वाटले. तो मधून पोकळ असल्यामुळे पिळला की सहज तुटतो. सुदैवाने सुटला होता. नवा निपल बसवला आणि या वेळी त्यावरची रबरी टोपीही न विसरता लावली.