तुम्ही विचारलंत म्हणून : एल्विस प्रेस्ली कुठून बघायला घेऊ?

घरातल्या रेकॉर्डी बघितल्या की पाहुणे हे विचारतातच. त्यांच्या डोक्यात बहुधा दोनच एल्विस असतात. १९५६ सालचा, टीव्हीवर कंबर हलवून आईबापांची झोप उडवणारा पोरगा, नाहीतर शेवटच्या वर्षांतला, अंगाने सुटलेला, चकचकीत पोशाखातला, ज्याची नक्कल कुणीही करतं. माझं उत्तर ठरलेलं आहे : ‘एल्विस ऑन टूर’ हा १९७२ चा माहितीपट. जाणकार मंडळी १९६८ चा काळ्या चामड्याच्या कपड्यांतला टीव्हीचा कार्यक्रम सुचवतात. तो उत्तमच आहे, पण तिथे तो गेलेली गादी परत मिळवायला आलाय. मला गादीवर बसलेला माणूस रोजच्या कामाला जाताना बघायचा असतो.

काम म्हणजे एप्रिल १९७२ चा दौरा. बफेलोपासून आल्बुकर्कीपर्यंत पंधरा शहरं, दोन आठवड्यांत. पिएर ॲडिज आणि रॉबर्ट एबल या दिग्दर्शकांनी त्यातले हॅम्प्टन, रिचमंड, ग्रीन्सबरो आणि सॅन अँटोनियो इथले कार्यक्रम चित्रित केले. एल्विस तेव्हा सदतीस वर्षांचा. चार्ली हॉज हा जुना मित्र रंगमंचावर पाणी आणि गळ्यातले रुमाल पुरवतोय, एल्विस ते रुमाल प्रेक्षकांत वाटतोय. ‘बर्निंग लव्ह’ हे गाणं तर इतकं ताजं होतं की शब्दांचा कागद हातात धरून तो ते गातो. त्याच वर्षी ते अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं, आणि इथे मात्र गायकाला पुढची ओळ आठवत नाहीये! मागे जेम्स बर्टनची गिटार आणि रॉनी टटचे ड्रम्स असले की कागद बघून गाणंही चालून जातं.

सिनेमात खटकण्यासारखंही बरंच आहे. पडद्याचे दोन, तीन, कधी त्याहून जास्त तुकडे करून एकाच वेळी वेगवेगळी दृश्यं दाखवायची तेव्हा साथ आली होती. इथे ती जरा जास्तच पसरलीय. किंचाळणाऱ्या बायकांचे चेहरे थोडे कमी चालले असते. त्याच्या जुन्या चित्रपटांतली चुंबनं एकामागोमाग एक लावलेला तुकडा मजेदार आहे, पण एकदाच. मोंटाजच्या, म्हणजे असे तुकडे जुळवायच्या, कामावर देखरेख होती पुढे नामांकित दिग्दर्शक झालेल्या मार्टिन स्कॉर्सेसीची, तेव्हा तिशीच्या आतला. (आणि एबल पुढे कॉम्प्युटर ग्राफिक्समधला मोठा माणूस झाला. त्याची ही दोन आयुष्यं मला अजूनही एकमेकांना जोडता येत नाहीत.) या सिनेमाला गोल्डन ग्लोबचं उत्कृष्ट माहितीपटाचं पारितोषिक मिळालं, तेही विभागून.

त्याहून मोठी तक्रार म्हणजे सिनेमा काही गोष्टींवर मूग गिळून बसतो. एल्विसचा व्यवस्थापक कर्नल पार्कर हा जन्माने डच, नेदरलँड्सच्या ब्रेडा गावचा, आणि ते त्याने लपवलेलं. त्यामुळेच म्हणे एल्विसचा अमेरिकेबाहेर एकही मोठा दौरा झाला नाही. परदेशी कार्यक्रम म्हणाल तर १९५७ सालचे कॅनडातले, बस. मुंबईचं सोडाच, लंडनलाही त्याला रंगमंचावर कुणी पाहिलं नाही. आपल्याला तो भेटला तो पडद्यावर आणि तबकडीवरच. बायको प्रिसिलापासून तो वेगळा झाला होता, त्याबद्दलही सिनेमात चकार शब्द नाही. फक्त हॉलीवूडच्या आरसीए स्टुडिओत तो ‘सेपरेट वेज’ गाताना दिसतो. दोघांच्या वाटा वेगळ्या होण्याचं ते गाणं, रेड वेस्ट या त्याच्या मित्राने आणि रिचर्ड मेनेग्राने लिहिलेलं. मुलाखत घेऊन तरी त्याच्याकडून याहून जास्त काय काढलं असतं?

पण मी हा सिनेमा सुचवतो तो या कशासाठीच नाही. त्यात एका जागी एल्विस गायचं थांबतो. प्रेक्षकांना ऐकायला सांगतो आणि त्याच्या साथीला असलेला स्टॅम्प्स क्वार्टेट हा गायकांचा ताफा ‘स्वीट, स्वीट स्पिरिट’ हे गॉस्पेल, म्हणजे चर्चमधलं भक्तिगीत, गातो. हजारो लोक ज्याला बघायला आलेत, तो बाजूला उभा राहून ऐकतोय. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही, आणि दिग्दर्शकांना त्यासाठी मी पडद्याचे सगळे तुकडे माफ करतो.

या मंडळींचा प्रमुख जे. डी. सम्नर, पाताळातून यावा असा खर्ज. मेम्फिसमध्ये गॉस्पेलच्या रात्र-रात्र चालणाऱ्या मैफली होत. पैसे नसलेल्या पोरसवदा एल्विसला सम्नर मागच्या दाराने आत घ्यायचा असं सांगतात. सम्नर तेव्हा ब्लॅकवुड ब्रदर्समध्ये होता. १९५८ मध्ये एल्विसची आई गेली तेव्हा तिच्या अंत्यविधीत हेच ब्लॅकवुड ब्रदर्स गायले. एल्विसला स्वतःला अशा चौकडीत गायचं होतं. साँगफेलोज नावाच्या चौकडीसाठी त्याने चाचणी दिली, तिथे त्याला घेतलं नाही. मग तो रॉक अँड रोलचा राजा झाला आणि आख्खी चौकडीच पदरी ठेवली! दुसऱ्या बाजूला स्वीट इन्स्पिरेशन्स, कृष्णवर्णीय चर्चच्या गायकीत वाढलेल्या बायका. लहानपणी वेगवेगळ्या चर्चमधून जे कानावर पडलं, ते सगळं त्याने पगार देऊन पाठीशी उभं केलं होतं.

पियानोभोवती जमून ‘लीड मी, गाइड मी’ गातानाचा प्रसंगही बघा. कीर्तन आटोपल्यावर बुवा टाळकऱ्यांत बसून स्वतःसाठी म्हणतात, तसं गाणं. लास व्हेगासचे रात्रीचे दोन-दोन खेळ उरकून आम्ही वर खोलीत उजाडेपर्यंत गॉस्पेल गायचो, त्याने मन शांत होतं, असं तो सिनेमातच सांगतो. त्याला स्पर्धेत मिळालेली ग्रॅमी ही संगीताची पारितोषिकं तीन, आणि तिन्ही गॉस्पेलसाठी. रॉकसाठी एकही नाही.

त्यानंतर काय बघू, असं लगेच विचाराल. सगळे १९७३ चा उपग्रहावरून दाखवलेला हवाईचा कार्यक्रम सांगतील. तो नंतर. आधी ‘ही टच्ड मी’ हा आल्बम ऐका. याच दौऱ्याच्या महिन्यात तो बाजारात आला आणि जेमतेम अर्ध्या तासाचा आहे. आणि सिनेमा बघताना काही पुढे ढकलावंसं वाटलंच, तर ती चुंबनं ढकला.