तुम्ही विचारलंत म्हणून: ओजिब्वे कशाला शिकतेस?

पुण्याला गेले की मावशी विचारते, इथे मंडळाच्या गणपतीत ओळखीचे विचारतात. "ओजिब्वे शिकून करणार काय? त्यापेक्षा लेकीला मराठी शिकव." लेक मराठी बोलते, हे आधीच सांगून टाकते.

मी अमेरिकेत डुलुथला राहते, सुपीरियर सरोवराच्या काठी. ओजिब्वे ही इथल्या मूळ रहिवाशांची भाषा, आणि त्या सरोवराला गिचिगामी म्हणणारी ती माणसं इथेच शेजारी आहेत. राहतो तिथली भाषा यावी, असं उत्तर मी पूर्वी द्यायचे. आता ते मलाच पुरेसं वाटत नाही.

सुरुवात सोपी गेली. त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ आपल्या कानाला चटकन कळतात. नाम पुल्लिंगी की स्त्रीलिंगी ही भानगड नाही, सजीव की निर्जीव ते बघायचं. उभं झाड 'मितिग' सजीव, अनेकवचन 'मितिगूग'. तोच शब्द काठीसाठी वापरला की निर्जीव, 'मितिगून'. रासबेरी सजीव, स्ट्रॉबेरी निर्जीव. का, ते विचारू नका. आपल्याकडे वाटी ती आणि ताट ते का? 'गिवाबम' म्हणजे तू मला पाहतोस, 'गिवाबमिन' म्हणजे मी तुला पाहते. पाहणारी मी असले तरी 'तू'चा 'गि' पुढे. यावर माझा जीव जडला.

आणि आपण-आम्ही! 'गीनविंद' म्हणजे आपण, 'नीनविंद' म्हणजे आम्ही. वर्गातल्या इंग्रजी बोलणाऱ्यांना ते उमजेना, तेव्हा मीच समजावलं. मोठ्या अभिमानाने.

त्यानंतरचाच तो बुधवार. बाहेर बर्फ, टेबलाभोवती आम्ही आठ-दहा जण, मधे मनूमिनचं, म्हणजे त्यांच्या तळ्यातल्या रानभाताचं, सूप. शिकवणाऱ्या आजींनी प्रत्येकाला एक वाक्य करायला सांगितलं. मी म्हटलं, "ओनिझिशिन गिदिन्वेविनिनान." आपली भाषा सुंदर आहे.

समोरचा पंचविशीतला मुलगा म्हणाला, "आपली म्हणजे कोणाची?"

आवाज चढवला नव्हता त्याने. त्याच्या आजीला निवासी शाळेत ही भाषा बोलली म्हणून मार बसायचा, म्हणून तिने ती मुलांना दिलीच नाही. आता तो आजीची भाषा माझ्या शेजारी बसून पहिल्या धड्यापासून शिकत होता. "चुकलं" म्हणायला मी तोंड उघडलं आणि शब्द फुटेना. 'तुमची भाषा' म्हणजे 'गिदिन्वेविनिवा', हे मला पाठ होतं. आपण-आम्ही तर मला बाळपणापासून येतं. जीभ घसरली नव्हती. मला 'आपली'च म्हणायचं होतं.

आजींनी सूपचा वाडगा माझ्याकडे सरकवला आणि पुढच्याला वाक्य विचारलं. परतताना गाडीत मी रडले. दोन महिने गेले नाही.

मी कोणाचं काय हिसकावलं, असं तेव्हा मनात यायचं, आजही येतं. परकी बाई "आपली मराठी" म्हणाली तर मी तिला डोक्यावर घेईन. पण माझ्या आजीला मराठीसाठी कोणी मारलं नव्हतं.

आता पुन्हा जाते. तोही येतो. उपयोग काय, ते मला सांगता येत नाही. शेवटी सगळे मिळून तेच वाक्य म्हणतात. 'आपली' काय, 'तुमची' काय, 'गिदिन्वेविनि'पर्यंत दोन्ही सारखंच. तिथवर मी सगळ्यांबरोबर म्हणते, मग गप्प होते.